टोकाच्या तीन बिया

कॉपर फ्लॅट, १४ ऑक्टोबर १९८४

डल्सी,

'प्रिय' लिहिलेलं नाही, ते मुद्दाम.

आयरिसच्या फुलांच्या मंडळाचं पत्रक काल टपालाने आलं. चौथ्या पानावर फोटो. होबार्टच्या प्रदर्शनात नव्या रोपांमध्ये पहिला नंबर, सौ. डल्सी ॲबेल, ह्युऑन खोरं, टास्मानिया. मी चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिलं. फोटो काळापांढरा आहे, पण मी आंधळी नाही. वरच्या तीन पाकळ्या आईच्या जुन्या आयरिससारख्या अंग चोरून उभ्या, आणि खालच्या माझ्या नव्या जातींसारख्या रुंद, झालरीच्या. पत्रकात लिहिलंय, 'सुगंध पिकल्या द्राक्षांचा, दांडा वाऱ्यात सरळ.' हे वाचून माझ्या डोक्यात तिडीक गेली. द्राक्षांचा वास येणारा या अख्ख्या मुलखात एकच आयरिस होता, आपल्या धुण्याच्या खोलीमागचा.

वीस वर्षं मी दुसरं काय करत होते गं? आईच्या त्या हडकुळ्या, चिवट, वासाच्या फुलाचं नव्या भरगच्च फुलाशी जमवायचं, एवढंच. पहाटे उठून, मधमाशा यायच्या आधी, चिमट्याने पराग उचलायचे, फुलाच्या पोटात घासायचे, खालच्या पाकळ्या फाडून टाकायच्या म्हणजे माशीला बसायला जागा नको, आणि दोऱ्याने चिठ्ठी बांधायची. माझ्या वहीत असे दोनशे बारा प्रयत्न लिहिलेले आहेत. जुन्याचं नि नव्याचं पटतच नाही. बोंड धरलं तरी आत भुसा. तू काय करत होतीस? तू दारात चहाचा कप घेऊन उभी राहायचीस आणि माझ्या चिठ्ठ्यांना हसायचीस. "व्हर्ना, ही फुलं कुठल्या गाडीने जाणार आहेत? सामानाला लेबलं लावून ठेवलीयस." आठवतं? मला आठवतं.

आणि मग एकोणसत्तर साली लग्न करून लिंडसेच्या गाडीतून गेलीस, ती माझं रोप ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून गेलीस. ही चोरी आहे. पंधरा वर्षं मी सगळ्यांना हेच सांगत आलेय आणि आता पुरावा छापूनच आलाय. मंडळाला पत्र लिही की हे रोप कॉपर फ्लॅटला, माझ्या वाफ्यात उगवलं. आणि त्याच्या कंदाचा एक तुकडा मला पाठव. महिनाभर वाट बघेन. नाहीतर मी लिहीन, आणि मी लिहिलं तर गोड लिहिणार नाही.

व्हर्ना ट्रेंबाथ


कॉपर फ्लॅट, २९ ऑक्टोबर

डल्सी,

पंधरा वर्षांनी बहिणीला पत्र लिहिलंस आणि ते केवढं, तर सहा ओळींचं. त्यातही एक ओळ हवामानाची.

म्हणे, "मी चोरलं नाही, उकिरड्यावरून उचललं. त्याच्यावर बटाट्याच्या साली होत्या." बरं. होत्या. त्या दिवशी बागेत मंडळाची सोळा माणसं आली होती, त्यांच्या जेवणाच्या साली. तू सोलल्या होत्यास, तुलाच माहीत असणार.

आता तू विषय काढलाच आहेस तर सांगते, म्हणजे तुझ्या मनात काही राहायला नको. हो, मी उपटलं. हॅलेट आले होते, सगळ्यात कडक परीक्षक, आणि त्या वर्षी पहिल्यांदा त्यांनी माझं निमंत्रण घेतलं होतं. माझ्या रांगा बघत बघत आले, मान हलवत होते, मी हवेत तरंगत होते. शेवटी टोकाला थांबले. ते एकटं रोप पहिल्यांदाच फुललं होतं. हॅलेट वाकले. वास घेतला. म्हणाले, "आणि हे काय, मिस ट्रेंबाथ? याचे आईबाप कोण?"

माझ्या वहीत त्याच्यापुढे मी 'माशी' लिहिलं होतं. बोंड आईच्या जुन्या झाडावर धरलं होतं खरं, पण पराग कुणाचा, कुणी घातला, काही पत्ता नाही. आमच्यात अशा रोपाला किंमत नसते, तुला ठाऊक आहे. ज्याचा बाप सांगता येत नाही ते माशीचं पोर, ते ठेवणारा हौशी, आणि फेकून देणारा खरा बागवान. सोळा माणसं माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, "माशीची करणी, दुसरं काय. टाकायचंच आहे." आणि तिथल्या तिथे हाताने उपटलं नि टाकलं. लोक हसले. हॅलेट हसले नाहीत, हे मला नंतर कळलं.

संध्याकाळी मी उकिरड्यावर गेले होते. हे तुला माहीत नाही. साली बाजूला करकरून पाहिलं. नव्हतं. तेव्हाच कळलं कुणी नेलं, पण विचारायला जीभ रेटेना. दिवसाढवळ्या सगळ्यांसमोर फेकलेली वस्तू परत कशी मागणार? तीन आठवड्यांनी तू गेलीस. 'चोरलं' म्हणणं सोपं होतं, म्हणून मी चोरलं म्हटलं. झालं समाधान?

आता तुझा तो नव्या जातीच्या नोंदणीचा फॉर्म. त्यात 'संकर करणाऱ्याचं नाव' ही जागा कोरी ठेवून तो मला पाठवण्यात कसला शहाणपणा आहे? तू लिहितेस, "नियम असा आहे की वाढवणाऱ्याचं नाव लागत नाही, ज्याने पराग घातला त्याचं लागतं. संकर तूच केलास, तेव्हा सही कर." आणि वर, "बोंडाला लाल लोकर तूच बांधली होतीस. आईच्या झाडावर गुपचूप प्रयत्न केलास आणि लोकांसमोर त्याची लाज वाटली, म्हणून फेकलंस."

वा गं वा. पंधरा वर्षं हे मनात धरून बसलीस? म्हणून आईच्या कबरीवरही एकदा आली नाहीस?

ती लोकर तू बांधली होतीस. माझ्या चिठ्ठ्यांची टिंगल करायला एका माशीच्या बोंडाला लाल लोकरीचं फूल बांधून ठेवलं होतंस, अगदी तुझ्या स्वभावाला धरून. मी ते बघितलं तेव्हा झाडावरचं खरं फूल सुकून गेलं होतं, पाकळ्या फाडलेल्या की नाहीत तेही कळायला मार्ग नव्हता. मला राग आला. तरी आतल्या तीन बिया फेकवल्या नाहीत, रांगेच्या टोकाला टोचल्या, एवढाच माझा गुन्हा.

मी जे केलं नाही त्याखाली मी सही करणार नाही. फॉर्म कोरा परत पाठवतेय. फुलाचं नाव तू 'व्हर्नाचा उकिरडा' ठेवणार म्हणतेस. ठेव. टास्मानियात बसून हसा दोघं नवराबायको.

व्ह.


कॉपर फ्लॅट, १२ नोव्हेंबर

डल्सी,

हे पत्र भांडायला नाही. म्हणजे आहे, पण तुझ्याशी नाही.

काल रविवार, चर्चनंतर आईबाबांकडे गेले, कबरस्तानात. फाटकातून शिरले तेव्हाच काहीतरी चुकल्यासारखं वाटलं, सगळं पिवळं. कबरस्तान राखणाऱ्या आपल्या क्लॅरीने तणनाशक मारलंय. सगळ्या कबरस्तानाला, भिंतीपासून भिंतीपर्यंत. दर नोव्हेंबरात तो गवत हाताने कापायचा, यंदा त्याला कुणीतरी पाठीवरचा फवारा आणून दिलाय आणि त्याच्या अंगात आलंय. आईच्या पायाशी लावलेला तिचा आयरिस चिखलासारखा पडलाय. बोटाने दाबला तर कंदातून पाणी आलं.

मी तशीच त्याच्या घरी गेले. तो जेवत होता. म्हणाला, "मिस ट्रेंबाथ, ते गवतच होतं की, फूलबिल काही नव्हतं." फुलं दोन आठवड्यांपूर्वी संपली, डल्सी, म्हणून फूल नव्हतं! सत्तर वर्षांचा बाप्या, जन्म गेला इथे, आणि आयरिसची पानं ओळखता येत नाहीत. मी त्याला काय काय बोलले ते चर्चच्या बायका तुला कळवतीलच, त्यांना तुझा पत्ता माहीत असतो म्हणे. त्याची बायको मला केक देत होती. मी केक घेतला नाही.

तू म्हणशील, मग काय झालं, घरी आहेच की. धुण्याच्या खोलीमागे.

घरी नाहीये. त्र्याहत्तरचा हिवाळा आठव, तुमच्याकडेही पाऊस पडला असेल. इथे तीन महिने वाफ्यात पाणी होतं. माझे साठ-सत्तर नवे आयरिस गेले आणि त्यांच्याबरोबर आईचं जुनं बेटही सडलं. जे आजीने कॉर्नवॉलहून जहाजातून आणलं, ज्याला दुष्काळ, गाई आणि बाबांची कुदळ यांनी काही झालं नाही, ते माझ्या हाताखाली गेलं. मी त्याच्यावर खत टाकलं होतं. जास्त. मला ते मोठं फुलवायचं होतं. मी कुणाला सांगितलं नाही. शेजारची ग्वेन दर वर्षी एक तुकडा मागते आणि मी दर वर्षी म्हणते, यंदा बेट लहान आहे. मनात म्हणायचे, कबरीपाशी आहे ना, तिथून कधीतरी आणू. अकरा वर्षं मी 'कधीतरी' म्हणतेय.

म्हणजे आता कुठेच नाही. तुझ्याकडे जे आहे तेवढंच उरलंय, अर्धं का होईना. माशीचं असो नाहीतर आणखी कुणाचं.

मी मागत नाहीये. मी फक्त काय झालं ते कळवलं.

व्हर्ना


कॉपर फ्लॅट, २५ नोव्हेंबर

डल्सी,

तुझं पाकीट मंगळवारी आलं. पाच दिवस मी उत्तर लिहायला बसतेय आणि उठतेय.

मी म्हटलं होतं की लोकर तू बांधलीस. तू काही न लिहिता ती लोकरच पाठवलीस. त्या रोपाच्या खुंटीला मीच तेव्हा ती गाठ न सोडता अडकवली होती, ओळख म्हणून, आणि उपटताना खुंटीसकट फेकली, हे मी विसरलेच होते. तू ती एवढी वर्षं शिवणाच्या डब्यात ठेवलीस. सोबत एकच ओळ, "शपथेवर सांगते, मी बांधलेली नाही. नीट बघ."

मी नीट बघितलं.

गाठ दुहेरी आहे, आणि वर लहानसा फास, ओढला की सुटेल असा. तू अशी गाठ मारत नाहीस. तुझ्या गाठी कात्रीने कापाव्या लागतात. मी दोरा वापरते. लोकर जुनी, विटलेली, पण फासाच्या आत अजून लाल. मी ती घेऊन धुण्याच्या खोलीत गेले. दारामागे माझं लाल स्वेटर टांगलंय, खणताना घालायचं, कोपरं गेलेलं. आईने शेवटचं विणलेलं. सहासष्टच्या वसंतात ती ते विणत होती, डोळे जवळजवळ गेले होते, हाताने टाके मोजायची. लोकर मी बाहीवर धरली.

तीच आहे, डल्सी.

म्हणजे आईने केलं. आपण दोघी एकमेकींना शिव्या देत राहिलो आणि काम तिचं.

मला कळतं कधी केलं असेल ते. मी पहाटे चारला उठायचे म्हणून दुपारी जेवण झालं की तासभर पडायचे. तू दुकानात कामाला होतीस. घरात ती एकटी जागी. तिची खुर्ची उन्हात, तिच्या झाडाशेजारी. माझ्या नव्या आयरिसचा वाफा तिथून सहा पावलं. चिमटा मी खिडकीत ठेवायचे. पराग डोळ्यांनी दिसत नसतील, बोटांनी लागत असतील. दुपारच्या उन्हात, जेव्हा करू नये म्हणून मी सगळ्यांना शिकवते, तेव्हा तिने एकदाच केलं आणि तीन बिया धरल्या. एकदाच! माझे दोनशे बारा.

आणि तिने सांगितलं का नाही, तेही मला माहीत आहे. त्याआधीच्या वर्षी तिने एका बोंडाला हात लावून पाहिलं होतं, बी झालंय का म्हणून. ते गळून पडलं. मी तिच्यावर ओरडले. म्हणाले, "आई, माझ्या झाडांना हात लावायचा नाही. तुला दिसत नाही, कळत नाही, तू तुझं विणकाम कर." तू तेव्हा स्वयंपाकघरात होतीस, ऐकलं असशील. तिने नंतर कधीच हात लावला नाही असं मी समजत होते. तिने तिच्या स्वतःच्या झाडाला हात लावला, एवढंच.

आता जे लिहिणार आहे ते मी कुणाला सांगितलेलं नाही, आणि आजपर्यंत मला त्यात सांगण्यासारखं काही वाटलंही नव्हतं.

सदुसष्टच्या जुलैत, तिच्या शेवटच्या आठवड्यात, तू रात्रीची तिच्याजवळ असायचीस आणि मी दिवसाची. ती फारसं बोलत नव्हती. पण रोज सकाळी मी पडदा सरकवला की एकच विचारायची. "व्हर्ना, टोकाच्या तीन बिया उगवल्या का?" मी म्हणायचे, "कुठल्या?" म्हणायची, "त्या टोकाच्या. बघ ना." चार दिवस विचारलं तिने. बाहेर दव पडलेलं, माझी शंभर कामं, डॉक्टर यायचे होते. चौथ्या दिवशी मी म्हटलं, "नाही उगवल्या, आई. त्या माशीच्या होत्या. झोप आता." ती बरं म्हणाली. पाचव्या दिवशी तिने विचारलं नाही.

मी जाऊन बघितलंच नव्हतं, डल्सी. खिडकीपासून वीस पावलं. न बघताच नाही म्हणाले. तिला माती दिल्यावर आठवड्याने मी वाफ्यात गेले तेव्हा एक कोंब चार बोटं वर आला होता. चार बोटं काही एका आठवड्यात होत नाहीत. ती विचारत होती तेव्हा तो उगवलेला होता.

एवढी वर्षं मी तुझ्यावर चिडले, हॅलेटवर चिडले, आता क्लॅरीवर. चिडायला माणसं बरी मिळतात मला.

फॉर्म पुन्हा पाठव. सही करायची आहे, पण माझी नाही.

व्हर्ना


कॉपर फ्लॅट, ३ फेब्रुवारी १९८५

डल्सी,

खोकं शुक्रवारी पोचलं. पानं पंख्यासारखी कापलेली, मुळं बोटभर, कंद कोरडा. बांधणी चांगली केलीयस, मी तुला कधी शिकवली होती तशी नाही, पण चांगली. चार तुकडे पाठवलेस. मला वाटलं होतं एक पाठवशील, आणि तोही पत्रातून चार टोमणे मारून. तू टोमणा मारला नाहीस. त्याने मला जास्त त्रास झाला, हे तुला ठाऊक असावं.

एक तुकडा धुण्याच्या खोलीमागे, उंचवट्यावर, पाणी साचणार नाही तिथे. खत शून्य. एक ग्वेनला, आणि तिला अकरा वर्षांचं खरं काय ते सांगितलं. ती म्हणाली, "मला केव्हाच कळलं होतं, व्हर्ना. तुझ्या घरामागे मी काय कधी आले नाही?" एक आपल्या टोकाच्या जागेवर.

फॉर्मवरून नोंदणीवाल्यांशी वाजलं. त्यांनी कळवलं, संकर करणारी व्यक्ती हयात नसेल तर पुरावा लागतो, वहीतली नोंद लागते. मी माझी वही उघडली. सहासष्ट साल, 'माशी' लिहिलंय, माझ्या स्वच्छ अक्षरात. ते खोडलं. वर लिहिलं, 'लव्हिनिया ट्रेंबाथ, दुपारी'. लोकरीचा अर्धा तुकडा त्या पानाला टाचला, तुझं पत्र जोडलं, आणि खाली लिहिलं की आधीची नोंद चुकीची होती आणि चूक माझी. चाळीस वर्षांत मी वहीत खाडाखोड केलेली नव्हती. हॅलेट आता मंडळाच्या नोंदणी समितीवर आहेत, ब्याऐंशी वर्षांचे. त्यांनी स्वतः उत्तर लिहिलं. मंजूर आहे, आणि त्या दिवशी मी उपटलं तेव्हा थांबवायला हवं होतं, असं. मला त्यांचाही राग आला. तेव्हा थांबवायचं ना मग.

नाव मी 'लाल लोकर' लिहिलंय. फूल जांभळं आणि नाव लाल, लोक हसतील. हसू देत. 'उकिरडा' मला चालला नसता, आणि आईलाही नाही.

चौथा तुकडा काल सकाळी तिच्याकडे नेला. क्लॅरी भिंतीशी उभा होता, टोपी हातात. फवारा आणलेला नव्हता. न विचारता त्याने खड्डा खणला, मी खोल आहे म्हटल्यावर अर्धा बुजवला, आणि कंदाची पाठ उन्हाकडे ठेवायची हे दाखवल्यावर गुडघ्यावर बसून बघितलं. मग खुंटी ठोकली. लोकरीचा उरलेला तुकडा मी तिला बांधला, दुहेरी गाठ आणि वर फास. माझा फास नीट बसत नाही, तीनदा सोडावा लागला.

क्लॅरी गेल्यावर मी तिला म्हटलं, "उगवलंय, आई. मी बघून आले." मोठ्याने म्हटलं. मग तिथे बसून राहिले, बराच वेळ, आणि ऊन वर आलं तशी टोपी आणली नाही म्हणून चिडले.

ऑक्टोबरात फुलेल, धरलं तर. तू ये. लिंडसेला आणायचं तर आण, त्याच्या बागेतल्या सफरचंदांच्या गप्पा मात्र मारू नको म्हणावं. दुपारी जेवण झाल्यावर आपण दोघी बाहेर बसू. मी झोपणार नाही.

तुझी बहीण,
व्हर्ना